जुन्या लष्करी जीपचा अँटेना: या चुका टाळा

१९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की गोव्यातल्या जुन्या विलीज आणि जोंगा जीपा झाडूनपुसून बाहेर निघतात. मागे उंच अँटेना हवाच! नुसता शोभेचा असेल तर प्रश्न नाही. पण त्यावरून हॅम रेडिओवर (हौशी वायरलेसवर) बोलायचे असेल (परवाना अर्थातच हवा), तर बहुतेक दुखणी अँटेनाच्या बुडाशी असतात.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून सेटकडे परत येणाऱ्या शक्तीचे माप) चढला की लोक आधी अँटेनाची काठी कापायला घेतात. थांबा. ब्रॅकेट रंगावरच आवळला आहे का बघा. खाली प्रायमर, वर ऑलिव्ह ग्रीनचे दोन-तीन हात आणि त्यावर बेस, म्हणजे अर्थिंगच (गाडीच्या पत्र्याशी विजेची जोडणी) मिळत नाही. तेवढ्या जागेतला रंग पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरने काढा, स्टार (दातेरी) वॉशर घाला, ब्रॅकेटपासून चासीपर्यंत कल्हई केलेल्या तांब्याची विणलेली पट्टी ओढा, वरून ग्रीस. पट्टी कल्हईचीच घ्या. आपल्या खाऱ्या हवेत उघडे तांबे शेजारच्या पत्र्याला खाते. मग कोअॅक्सची (अँटेनाच्या केबलची) बाहेरची जाळी आणि चासी यांच्यात मल्टिमीटर लावा. एका ओहमच्या आत आले पाहिजे. आले तरी बेस हाताने हलवा. आकडा नाचला तर बोल्टखाली गंज आहे.

लांब काठी म्हणजे लांबवर आवाज, हाही गैरसमजच. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची काठी जेमतेम ४९ सेंटीमीटर भरते. अडीच मीटरची जुनी काठी दिसायला ठेवा आणि कामाची छोटी वेगळी लावा.

विलीज एमबी मूळची ६ व्होल्टची. तिला १२ व्होल्टचा रेडिओ सेट सरळ जोडू नका. इंजिनबरोबर सेटमध्ये खरखर वाढत असेल, तर बॉनेट-बॉडी आणि इंजिन-चासी जोडणाऱ्या पट्ट्या शोधा. रेडिओसाठीच दिलेल्या असतात, आणि रिस्टोअर करताना फालतू समजून नेमक्या त्याच फेकल्या जातात.

बेसच्या मागे आतून जाड लोखंडी पट्टी हवीच, नाहीतर काठीच्या हेलकाव्यांनी पत्रा तडकतो.

राहिल्या विजेच्या तारा. दिवाडी-चोडण बेटांच्या अरुंद वाटांवर त्या खाली लोंबतात. काठी पुढे वाकवून नायलॉनच्या दोरीने बांधा, आणि बांधलेली असताना पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबू नका. हे काम फेरीबोटीत चढण्यापूर्वीच उरका. पलीकडे उतरल्यावर मागची रांग हॉर्न मारायला लागते आणि मग कोणी खाली उतरत नाही.