दाणा आधी ब्लेडने चिरून बघा

वाळूजला इंजेक्शन मोल्डिंगवर, म्हणजे प्लॅस्टिकचा दाणा वितळवून साच्यात दाबायच्या कामावर, नवीन लागलो तेव्हा माझ्याकडे पांढऱ्या नायलॉन 66 च्या कनेक्टरचं काम आलं. ऐन पावसाळ्यात पार्ट पिवळट निघायला लागले. मी डिप्लोमावाला, लगेच बॅरलचं, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या नळीचं, तापमान 290 वरून 275 वर आणलं. साच्यात माल भरेना, म्हणून बॅरलमध्ये फिरून माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग वाढवला. घासून घासून माल आतल्या आत आणखी तापला आणि रंग जास्तच बिघडला.

रात्रपाळीचे ऑपरेटर मामा परभणीकडचे. त्यांनी दाणा सुकवायच्या ड्रायरमधला मूठभर दाणा कागदावर ओतला, शेजारी नव्या गोणीतला ठेवला. एक दाणा ब्लेडने उभा चिरला. कड पिवळी, गाभा पांढरा.

"सायेब, ह्यो मशीनमंदी जायच्या आधीच करपलाय."

आधीचं काम पॉलिकार्बोनेटचं होतं. त्याला 120 अंशाला तीन-चार तास सुकवणं लागतं. ड्रायर तसाच 120 वर राहिलेला. साध्या ड्रायरची गरम हवा म्हणजे ऑक्सिजन आलाच, तो नायलॉनला वरून खातो. नायलॉन 80 च्या आसपासच सुकवायचं. मुलाखतीत वितळणबिंदू सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही.

ड्रायर सुधारला, तरी जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल म्हणजे एक शॉट) पिवळेच. हा दुसरा चोर बॅरलमधलाच. स्क्रूमध्ये 450 ग्रॅम माल, शॉट 30 ग्रॅमचा, सायकल 40 सेकंदांची. म्हणजे दाणा आत गेल्यापासून बाहेर यायला 15 शॉट, 10 मिनिटं. त्यात अर्धा तास मशीन उभी! लहान पार्ट मोठ्या मशीनवर लावला की हे दुखणं ठरलेलंच. आता सुट्टीला जाताना हॉपर (दाणा ओतायचं नरसाळं) बंद, बॅरल रिकामं, हीटर खाली; परत आल्यावर आधी पर्जिंग, म्हणजे आतला जुना माल बाहेर काढून टाकणं.

ऑक्सिजनपासून प्लॅस्टिक वाचवायला त्यात मिसळतात त्या अँटिऑक्सिडंटचं थोडक्यात: फिनॉल आणि फॉस्फाइट जातीची जोडी बऱ्याच प्लॅस्टिकला चालते. वर्षानुवर्षं तापणाऱ्या नायलॉनला तांब्याचे क्षार उत्तम, पण ते स्वतःच रंग चढवतात आणि विजेच्या पार्टला नको असतात.

एका विक्रेत्याने सुचवलं, पांढरा मास्टरबॅच (रंगाचा दाट दाणा) वाढवा, पिवळं दिसणारच नाही. दिसलं नाही खरं. पण मामांनी कनेक्टरची कडी अंगठ्याने वाकवली, कट्‌कन तुटली. चांगल्या पार्टची कडी वाकून परत येते. तो सगळा लॉट आम्ही भंगारात काढला.