परमिटचा फोटो आधी घ्या: बडोद्यातल्या नव्या सेफ्टी ऑफिसरांसाठी

मकरपुरा, नंदेसरी, सावली, पादरा या पट्ट्यात दरवर्षी सेफ्टीचा डिप्लोमा करून नवी मुलं-मुली रुजू होतात. त्यातली काही आपल्याच मराठी घरांतली असतात, ओळखीपाळखीने माझ्यापर्यंत पोचतात, आणि प्रश्न ठरलेला असतो: अपघात झाला तर फॉर्म कसा भरायचा? फॉर्म ऑफिसातला क्लार्कही भरतो. चौकशी कशी करायची, हे सहसा कुणी विचारत नाही.

आधी जखमी माणूस, मग मशीनची वीज तोडून त्यावर कुलूप. तेवढं झालं की लगेच दोरी बांधून जागा अडवा. कारण थोड्याच वेळात कुणीतरी अगदी चांगल्या मनाने फरशी धुतं, अवजारं उचलून जागेवर ठेवतं, पॅनलवरचा अलार्म रिसेट करतं. फोटो लांबून घ्यायला सुरुवात करा आणि जवळ जवळ या. स्विच कुठल्या स्थितीत आहे, व्हॉल्व्ह उघडा की बंद, गार्डचे, म्हणजे मशीनवरच्या संरक्षक आवरणाचे, बोल्ट सगळे आहेत का, उजेड कसा आहे. परमिट (धोक्याचं काम सुरू करण्याआधी घ्यायची लेखी परवानगी) आणि लॉगबुक यांचे फोटो मात्र सगळ्यांच्या आधी. सकाळी परमिटवर रिकाम्या असलेल्या चौकटी संध्याकाळी सह्यांसकट भरलेल्या सापडतात. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेही त्याच दिवशी काढून घ्या.

मृत्यू झाला असेल तर पोलिस आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर येईपर्यंत, कुणाचा जीव वाचवण्यापलीकडे काहीही हलवायचं नाही. मृत्यू, किंवा माणूस 48 तास वा जास्त कामावर येऊ शकणार नाही अशी इजा, सरकारला कळवावीच लागते. फॅक्टरी ॲक्ट 1948 च्या कलम 88 मध्ये हे होतं, कामगारांच्या सुरक्षेसाठीच्या 2020 च्या नव्या संहितेतही 48 तासच आहेत. हे टाळायला ‘त्याला रिक्षाने आणून ऑफिसात बसवा, हजेरी लागू दे’ असं सुचवणारे भेटतीलच. अशा कागदावर सही करू नका.

साक्ष घेण्याचं काम सगळ्यात नाजूक, आणि तेच सगळ्यात घाईत उरकलं जातं. एचआरच्या केबिनमध्ये, टेबलापलीकडे चार साहेब आणि अलीकडे दाहोदहून आलेला कंत्राटी मजूर: अशा बैठकीत ‘माझं लक्ष नव्हतं साहेब’ याशिवाय काही ऐकायला मिळत नाही. एकेकट्याशी बोला, शक्यतो मशीनपाशी, गुजरातीत किंवा हिंदीत, जी भाषा त्याच्या तोंडात असेल तीत. ‘का केलंस?’ असं विचारलं की माणूस बचावाला लागतो. ‘पाळी सुरू झाल्यापासून सांग, मग काय केलंस, मग?’ एवढंच विचारत राहा आणि तो बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. ‘तुला काही होणार नाही’ असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नसतं. आणि आधीच लिहून आणलेल्या जबाबावर निरक्षर माणसाचा अंगठा घेणं तर अजिबात नको.

एका कारखान्यातलं उदाहरण सांगतो. पावडर मिसळणाऱ्या ब्लेंडरमध्ये एका ऑपरेटरची दोन बोटं गेली. प्राथमिक रिपोर्टवर सुपरवायझरने लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा, चालू मशीनमध्ये हात घातला. हात घातला हे खरंच होतं. पण झाकण उघडलं की मशीन थांबायला हवी होती. झाकणाच्या सेन्सरवर चिकटपट्टीने एक सुटं चुंबक लावलेलं होतं, त्यामुळे झाकण उघडं असूनही मशीनला ते बंदच वाटत होतं. पट्टीच्या कडा काळ्या पडल्या होत्या, म्हणजे ती त्या दिवशीची नव्हे. दुसऱ्या पाळीतल्या ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, ए तो बधा एम ज करे छे.’

सगळेच का करतात? पावडरीच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फोडायला झाकण उघडावं लागायचं, आणि दर वेळी मशीन पुन्हा चालू करायला जिना चढून वरच्या मजल्यावरच्या पॅनलपाशी जावं लागायचं. बॅचचा वेळ मात्र ठरलेला. गुठळ्या का? पावसाळी दमट हवा, शिवाय खरेदी विभागाने पुरवठादार बदलला होता आणि नव्या गोण्यांना आतलं प्लॅस्टिकचं अस्तर नव्हतं. मेंटेनन्सला चुंबकाची कल्पना होती का? होती.

‘पाच वेळा का विचारा’ ही टोयोटाची पद्धत चांगली आहे, पण ती एकाच रेषेत नेली तर दिशाभूल करते. इथे ‘का’ला तीन फाटे फुटले: जिना, गोणी आणि मेंटेनन्सचं गप्प बसणं. तिन्ही लिहावे लागले. अमेरिकी सेफ्टी-तज्ज्ञ हाइनरिख यांनी 1931 मध्ये मांडलेला ‘88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे’ हा आकडा तुम्ही परीक्षेसाठी घोकला असेल. तो विमा कंपनीच्या फायली आणि कारखानदारांकडच्या नोंदींवरून काढलेला आहे. त्या नोंदी कुणाच्या हातच्या असतील याचा विचार करा, म्हणजे तो आकडा कामाच्या ठिकाणी किती वापरायचा ते कळेल.

उपाय लिहिताना ‘कामगारांना प्रशिक्षण दिले’ हे वाक्य शेवटचं, तेही खरंच गरज असेल तर. ब्लेंडरसाठी रिसेटचं बटण खाली, झाकणापासून दिसेल असं आणलं, सहज फसवता येणार नाही असा कोडेड सेन्सर बसवला, आणि कच्च्या मालाचं पॅकिंग बदलताना प्रॉडक्शन व सेफ्टीची सही लागेल असा नियम केला. खरेदीवाले महिनाभर कुरकुरत होते. प्रत्येक उपायापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख घाला. ‘संबंधित विभाग’ असं लिहिलं की ते काम कुणाचंच नसतं.

रिपोर्टवर ‘पूर्ण’ लिहिण्याआधी एकदा रात्रपाळीत, न सांगता जा. दिवसा, साहेब समोर असताना, सगळी झाकणं बंदच असतात.