सातबारा आणि मोजणी नकाशातलं क्षेत्र जुळत नाही म्हणून रेखांकन (प्लॉटचा ले-आउट) अडलं? माझा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीलगतच्या वरकस (हलक्या प्रतीच्या) जमिनीवर घरांचे प्लॉट पाडायचे होते. रेखांकनाची फाईल दरवेळी एकाच शेऱ्यानिशी परत: "क्षेत्रात तफावत." सातबारा ०.४१.० हेक्टर, मोजणी नकाशा ०.४७.०.

आधी आर्किटेक्टकडून नकाशा लहान करून घेतला, हद्दी बिघडल्या. मग प्रतिज्ञापत्र जोडलं, तेही नाकारलं. डोकं उठलं अगदी.

शेवटी भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंदाची (जमिनीचं क्षेत्र आणि आकारणी दाखवणाऱ्या मूळ नोंदीची) प्रमाणित नक्कल काढली. त्यात ०.४७.०! तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुना हस्तलिखित सातबारा मिळवला. त्यात ७ चा फाटा अर्धवट पुसलेला, सहज १ वाचावा असा. संगणकीकरणात तोच १ चढला होता.

मग क्रम असा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद (लिहिताना झालेली चूक) दुरुस्तीचा अर्ज, सोबत आकारबंद, हस्तलिखित सातबारा आणि मधले सगळे फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी). (फेरफार सोडू नका. मधे विक्री झाली नाही हे त्यातूनच दिसतं.) तहसीलदारांचा आदेश आला की तलाठ्याकडे दुरुस्तीचा फेरफार नोंदवून तो मंडळ अधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यायचा. नवा डिजिटल सातबारा हातात आल्यावरच रस्ते आणि खुली जागा नव्या क्षेत्रावर मोजून रेखांकन पुन्हा सादर करायचं. या खेपेला तात्पुरती मंजुरी मिळाली.

पुढे जागेवर प्लॉटच्या खुणा, मोजणी, अंतिम मंजुरी आणि मग कमी-जास्त पत्रक (मूळ क्षेत्र प्लॉटवार कसं विभागलं ते दाखवणारा भूमी अभिलेखचा तक्ता). प्लॉटवार सातबारे त्यानंतरच होतात.