बार्सा मॉन्जुईकला खेळायची तेव्हाचं सांगणं: उतरायचं एस्पान्याला!

बार्सा, म्हणजे बार्सिलोनाचा फुटबॉल क्लब, नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मूळ ग्राउंडवर, कॅम्प नोऊला परतली. खालचं सगळं त्याआधीचं, मॅचेस मॉन्जुईकला होत होत्या तेव्हाचं आहे. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा. मॉन्जुईकच्या मॅचच्या दिवशी मेट्रोतून उतरायचं ते एस्पान्या स्टेशनला. मारिया क्रिस्टिनाला नाही. एस्पान्या.

का ते सांगते. कॅम्प नोऊचं काम काढल्यापासून, म्हणजे २०२३-२४ च्या सीझनपासून, बार्सा मॉन्जुईक डोंगरावरच्या ऑलिम्पिक स्टेडियमात खेळत होती. परत जायची तारीख पुढे पुढे ढकलत होते. आधी नोव्हेंबर २०२४ म्हणाले होते, क्लबला १२५ वर्षं पूर्ण होणार होती तेव्हा, ते काही झालं नाही, २०२५ चा ऑक्टोबर आला तरी आपण डोंगरच चढत होतो. तर या डोंगराकडे जाणारा जो मोठा रस्ता आहे त्याला राणी मारिया क्रिस्टिनाचं नाव आहे, आणि तो सुरू होतो एस्पान्याच्या चौकातून. आणि मेट्रोच्या हिरव्या लाइनवर, म्हणजे एल थ्रीवर, मारिया क्रिस्टिना नावाचं एक स्टेशनही आहे, ते मात्र शहराच्या दुसऱ्या बाजूला, कॅम्प नोऊच्या जवळ! बरं, एस्पान्याही त्याच हिरव्या लाइनवर, त्यामुळे चुकीच्या गाडीत बसलोय असं डोक्यातही येत नाही. भाच्याने मेसेज केला होता, 'मारिया क्रिस्टिनावरून सरळ वर ये मावशी, सरकते जिने आहेत'. मी स्टेशनचं नाव बघून उतरले. सरकते जिने तिथेही होते, स्टेशनातलेच. वर आले तर समोर मोठा रस्ता, दुकानं, ऑफिसं, एक बाई कुत्रा फिरवतेय आणि बार्साची जर्सी घातलेला एकही माणूस नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. तसं उतरलात तर घाबरू नका, त्रिनितात नोव्हाकडे जाणारी गाडी पकडा, पाच स्टेशनांनी एस्पान्या येतं. पण मुळात उतरूच नका ना.

आता तिकीट. क्लबच्या साइटवरूनच घ्या, दुसरीकडे स्वस्त दिसलं म्हणून पैसे घालू नका. घ्यायच्या आधी हे माहिती हवं की स्पॅनिश लीगमध्ये मॅच कोणत्या आठवड्यात आहे ते आधी कळतं पण नेमका दिवस आणि वेळ बऱ्याच उशिरा जाहीर होते, शुक्रवार ते सोमवार कधीही लागू शकते. आपले लोक कॅलेंडरवर रविवार बघून रविवार रात्रीची मॅच आणि सोमवार सकाळचं विमान असं बुकिंग करून मोकळे होतात आणि मग मॅच सोमवारी जाते. मागेपुढे एकेक दिवस मोकळा ठेवा.

आणि ग्राउंडचं नाव. तिकिटावर काय लिहिलंय ते आदल्या दिवशी परत बघा, हसू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये व्हॅलेन्सियाची मॅच मॉन्जुईकला झालीच नाही. तिथे कॉन्सर्ट होती आणि कॅम्प नोऊला अजून परवानगी नव्हती, म्हणून मॅच गेली योहान क्रायफ स्टेडियमला. ते क्लबच्या ट्रेनिंगच्या जागेतलं छोटं ग्राउंड, जेमतेम सहा हजार माणूस मावतं, आणि शहराच्या बाहेर. बार्सा जिंकली ६-०, पण ते बघायला मॉन्जुईकचं तिकीट मिळेल या भरवशावर आलेले किती जण हॉटेलात टीव्हीसमोर बसले असतील देव जाणे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याचं असंच असतं. तिकिटावर 'एस्तादी ओलिंपिक लुईस कोम्पान्स' असेल तर मॉन्जुईक. आणि मॉन्जुईक असेल तर एस्पान्या.

सीट निवडताना थोडं डोकं लावा. हे मूळचं अ‍ॅथलेटिक्सचं स्टेडियम, १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं, १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी आतून नवं केलेलं, त्यामुळे मैदान आणि प्रेक्षक यांच्या मध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. गोलच्या मागची स्वस्त सीट घेतली तर पलीकडच्या गोलसमोर काय चाललंय ते लोकांच्या ओरडण्यावरून समजून घ्यायचं. खालच्या रांगा तर अजिबात नको, पुढे बसलो म्हणजे जवळ बसलो हा हिशोब इथे लागू नाही. लांबीच्या बाजूला, जरा वरची रांग, हे उत्तम. छप्पर फक्त मुख्य स्टँडवर आहे, बाकी सगळं उघडं, पाऊस आला की सगळे भिजतात. छत्री घेऊन गेटवर वाद घालण्यापेक्षा घडी करून खिशात मावणारा रेनकोट घ्या. ऊन असलं तरी विंडचीटर घ्या, कारण रात्री नऊची मॅच असली की डोंगरावर वारा सुटतो आणि दुपारी बीचवर टीशर्टात फिरलेली आपली मंडळी हाफटाइमला कुडकुडत असतात.

फोन चार्ज. तिकीट फोनवरच असतं, हॉटेलच्या वायफायवर उघडून ठेवा, गेटवर पन्नास हजार लोकांमध्ये नेट शोधत बसू नका. घरातल्या सगळ्यांची तिकिटं एकाच्याच फोनवर असतील तर त्याला नजरेआड होऊ देऊ नका, किंवा आधीच ज्याची त्याला पाठवा.

मेट्रोच्या कार्डाचं एक सांगायला हवं. दहा फेऱ्यांचं टी-कॅज्वल मिळतं ते एका माणसाचं असतं, एकाने आत जाऊन मागच्याला हातात दिलं असं चालत नाही. चौघं असाल तर टी-फमिलियार बघा, त्यात आठ फेऱ्या असतात आणि त्या वाटून घेता येतात. खिसेकापूंबद्दल नवीन काय सांगू, आपण लोकलमधले लोक, बॅग पुढे घ्या. फक्त मॅचच्या गर्दीत गोल झाल्यासारखं कुणी मिठी मारायला आलं तर आधी पाकिटावर हात.

किती वाजता निघायचं? किक-ऑफच्या दोन तास आधी एस्पान्याला पोचा. मारिया क्रिस्टिनाला नाही, परत सांगते, कारण नकाशात 'मारिया क्रिस्टिना' टाइप केलं की स्टेशनही दिसतं आणि रस्ताही दिसतो, आणि घाईत बोट स्टेशनवरच पडतं. मेट्रोतून वर आलात की चौकात विटांचे दोन उंच मनोरे दिसतील, एकसारखे. ते दिसले की बरोबर आलात. ते दिसले नाहीत तर चुकलात, पुढे चालत जाऊ नका, खाली उतरून परत गाडी पकडा. मनोऱ्यांच्या मधून सरळ चालत राहा, समोर राजवाड्यासारखं म्युझियम दिसतं, त्याच्या दोन्ही बाजूंनी उघड्यावरचे सरकते जिने आहेत, भाचा म्हणत होता ते हेच. म्युझियमच्या मागे अजून चढ आहे. आरामात गेलं तर अर्धा तास. मॅचच्या दिवशी खालून बसही सुटतात, आजीआजोबा बरोबर असतील तर त्याच बघा, पण बसची रांग पाहून मला पायी बरं वाटलं. स्वतःची गाडी किंवा टॅक्सी नको, वरचे रस्ते बंद करतात.

वर लवकर पोचलात तर वेळ जातो. ९२ च्या उद्घाटनाला अंतोनियो रेबोयो या पॅरालिम्पिक तिरंदाजाने जळता बाण मारून ज्योत पेटवली होती, ते ज्योतपात्र अजून तिथेच आहे, वर मान करून बघा. स्टेडियमला ज्यांचं नाव आहे ते लुईस कोम्पान्स कॅटलोनियाचे अध्यक्ष होते, त्यांना १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत याच डोंगरावरच्या किल्ल्यात गोळ्या घालून मारलं. स्टेडियम म्हणून इथे आलेले किती पर्यटक हे वाचत असतील माहीत नाही. आणि गंमत म्हणजे बार्साचा शहरातला जुना प्रतिस्पर्धी एस्पान्योल १९९७ पासून २००९ पर्यंत इथेच भाड्याने खेळला. एस्पान्योल हा क्लब, एस्पान्या हे स्टेशन, तिथे परत घोळ घालू नका.

खाणं. आत बिअर मिळते पण बिनअल्कोहोलची, तिकडचा कायदाच आहे, त्यामुळे पैसे देऊन मग तोंड वाकडं करू नका. स्पॅनिश लोक घरून फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच आणतात आणि हाफटाइमला उघडतात, आपणही ठेपले न्यायला हरकत नाही. शाकाहारी असाल तर तोर्तिया मागवण्याआधी लक्षात ठेवा, त्यात अंडं असतं. मोठी बॅग नको. काचेची बाटली नको. पाहुण्या टीमची जर्सी घालून घरच्या लोकांत बसू नका, कितीही लाडकी असली तरी.

गेट तिकिटावर लिहिलेलं असतं, त्याच बाजूने जा, नाहीतर पूर्ण प्रदक्षिणा होते. आत आलात, बसलात, पुढे मॅच आहे, ती मी काय सांगणार.

परत येताना सगळे एकदमच उतरतात. शेवटच्या शिट्टीला पळू नका, दहा मिनिटं बसा, मग त्याच रस्त्याने खाली. सोमवार ते गुरुवार आणि रविवारी मेट्रो रात्री बाराला बंद, शुक्रवारी दोनपर्यंत, शनिवारी रात्रभर. चॅम्पियन्स लीगची मॅच मंगळवारी-बुधवारी बहुतेक वेळा रात्री नऊला असते, म्हणजे संपायला अकरा होतातच, तेव्हा खाली येऊन फोटो काढत रेंगाळू नका. कार्डात परतीची फेरी शिल्लक ठेवा, मशीनपुढे रांग असते. गाडी एस्पान्यालाच पकडायची.