सुरगाठ कुठे, निरगाठ कुठे

शालू-उपरण्याची गाठ मारताना करवल्या सहज सुटणाऱ्या सुरगाठीऐवजी हमखास निरगाठ मारतात. मग सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन वरात घरी आली की दोघीतिघी नखं मोडत बसतात आणि शालूची जर उसवते. आमच्या भाचरांच्या लग्नांत हे काम माझ्याकडे असतं, म्हणून सांगते.

उपरण्याच्या टोकात सुपारी, हळकुंड, नाणं, अक्षता घेऊन पीळ द्या. मग शालूचा पदर घ्या. उजवं टोक डाव्यावरून एक वेढा, नंतर डावं उजव्यावरून दुसरा. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठ तिरकी बसते आणि रेशमावरून सरकते. सोडताना एकच टोक उलट्या दिशेला, त्याच्याच पदराच्या रेषेत ओढा. दुसरं सैल होऊन निघतं. इ.स.पू. 333 मध्ये अलेक्झांडरने गॉर्डियम गावातली कुणाला न सुटणारी गाठ तलवारीने तोडली म्हणतात. शालू त्याच्या घरचा नव्हता!

रोमन लोक आपल्या या शालूच्या गाठीला हर्क्युलिसची गाठ म्हणत. नवरीच्या कंबरपट्ट्याला ती बांधायची आणि नवऱ्याने सोडायची. जखमेची पट्टी हिनेच बांधली तर जखम लवकर भरते, असं प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. सपाट बसते, रुतत नाही, एवढं मात्र खरं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू लग्नांत मंगळसूत्राला तीन गाठी मारतात. त्या सोडायच्या नसतात, तिथे निरगाठच हवी. जपानी लोक हा भेद पैसे घालून द्यायच्या पाकिटावरही पाळतात. लग्न आणि दुखवटा एकदाच घडावा, म्हणून त्या पाकिटांची दोरी न सुटणारी. बाळ झाल्याच्या आनंदाला सुरगाठ, कारण तो पुन्हा यावा. बारशाच्या आहेरातली चादर मी हल्ली सुरगाठीनेच बांधते.

राहिली विणकराच्या मागावरची गाठ. तुटलेलं जोडलं तरी गाठ राहतेच, असं लोक सुस्कारा टाकून म्हणतात. माझ्या सासऱ्यांना ते पटत नसे. त्यांच्या लेखी ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा धागा तुटला आणि कुणी जोडला नाही, तर दोष तो. एका टोकाचा फास दुमडून धरा. दुसरं टोक खालून फासात घाला, फासाच्या दोन्ही पायांमागून फिरवा आणि स्वतःच्याच खालून काढून ओढा. शेपट्या जवळ कापा. ताण्याचे धागे ज्यातून जातात त्या मागाच्या फणीतून न अडता गेली तर जमली. जहाजावर दोरखंड जोडायलाही हीच गाठ असते.

शिकताना रिळाचा बारीक दोरा घेऊ नका. दोन रंगांची जाड लोकर घ्या, म्हणजे कोणतं टोक कुठे गेलं ते दिसतं.