वेबसाईटवर फोटो दिसत नाहीत? कॅश उडवायच्या आधी या चुका टाळा

साईटवर फोटो दिसत नाहीत म्हटलं की आजूबाजूचे सगळे डॉक्टर होतात आणि सगळ्यांचं औषध एकच, "कॅश क्लिअर कर" (कॅश म्हणजे आधी उघडलेल्या पानांचा ब्राउजरने जपून ठेवलेला साठा). अरे, आधी बघा तरी काय झालंय. एकच फोटो गायब आहे, की एका साईटचे सगळे, की सगळ्याच साईटचे? एकच फोटो नसेल तर बहुतेक वेळा घोळ साईटचा असतो, सगळीकडचेच नसतील तर तुमच्या ब्राउजरचा किंवा नेटचा. एवढं न बघता जो सरळ सेटिंगमध्ये घुसतो तो बाहेर येताना आणखी दोन गोष्टी बिघडवून येतो. हे इतक्यांदा पाहिलंय की आता फोनवर समजवायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

सरसकट सगळं डिलीट मारणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कंट्रोल + शिफ्ट + डिलीट दाबायचं, 'ऑल टाइम' निवडायचं, दिसेल त्या चौकोनात टिक करायची आणि मोकळं व्हायचं. ओळखीतल्या एका काकांनी हेच केलं. एका साईटवर फोटोच येत नव्हते, बाकी सगळं नेट ठणठणीत. काकांनी हिस्टरी, कुकीज, कॅश आणि त्याच यादीत असलेले सेव्ह केलेले पासवर्ड सगळं साफ केलं. सिंक (फोन आणि कॉम्प्युटरमधला ब्राउजरचा डेटा सारखा ठेवणारी सोय) चालू होतं, त्यामुळे फोनमधले पासवर्डसुद्धा गेले. मग मला बोलावणं. बँकेपासून ईमेलपर्यंत प्रत्येक ठिकाणी 'पासवर्ड विसरलात का' करत बसलो, ओटीपी येतोय, तो टाकेपर्यंत एक्स्पायर होतोय, काका वैतागलेत, आणि एवढं करून फोटो? नाहीतच! अ‍ॅड्रेसच्या डावीकडचं छोटं चिन्ह दाबलं तर त्या साईटसाठी इमेजेस 'ब्लॉक' केलेल्या. कधीतरी चुकून हात लागला असणार. गंमत म्हणजे काकांनी टिका केल्या त्याच यादीत 'साईट सेटिंग्ज' अशीही एक ओळ होती, पण ती खाली, स्क्रोल केल्याशिवाय दिसत नाही, म्हणजे जे उडवायला हवं होतं तेवढंच शिल्लक राहिलं. इमेजेस 'अलाऊ' केलं, पेज रिलोड केलं, फोटो हजर.

कॅशचाच संशय असेल तर कंट्रोल + शिफ्ट + आर दाबा, मॅकवर क्रोम किंवा फायरफॉक्स असेल तर कंट्रोलच्या जागी कमांड. ब्राउजर जुनी कॅश बाजूला ठेवून ते पेज सर्व्हरवरून (साईट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवरून) नव्याने आणतो, बाकी कशाला धक्का लागत नाही. फोटो आला तर कॅशचा दोष, नाही आला तर कॅशला बिचारीला सोडा आता. पुन्हापुन्हा तेच दाबून काही होत नाही.

अ‍ॅड ब्लॉकर लावलाय हेच विसरणं

"मी काहीच बदललं नाही" हे वाक्य ऐकलं की मी आधी एक्स्टेन्शनची (ब्राउजरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची) यादी उघडायला सांगतो. तिथे हमखास काहीतरी निघतं. अ‍ॅड ब्लॉकर फोटो बघून ठरवत नाही की ही जाहिरात आहे, तो मुख्यतः पत्ता बघतो. पत्त्यात 'अ‍ॅड्स' किंवा 'बॅनर' असला शब्द आला की त्याच्या नियमांच्या यादीत बसतो आणि फोटो अडवला जातो, मग तो फोटो कशाचाही असो.

एका मित्राने स्वतःची साईट बनवली होती. पहिल्याच पानावरचे मोठे फोटो त्याला दिसत नव्हते, बायकोच्या फोनवर मात्र व्यवस्थित. त्याने होस्टिंगवाल्याशी भांडण काढलं, थीम बदलली, ब्राउजर काढून परत टाकला (आणि साइन इन केल्यावर सगळी एक्स्टेन्शन जशीच्या तशी परत आली, हे त्याच्या लक्षातही नाही). शेवटी माझ्याकडे आला तेव्हा मी एफ12 दाबून ब्राउजरची तपासणीची खिडकी उघडली, त्यातला नेटवर्क टॅब घेतला (पेजसाठी काय काय मागवलं त्याची यादी), वर 'इमेज'चं फिल्टर लावलं आणि पेज रिलोड केलं. लाल ओळींची रांग लागली, प्रत्येकीपुढे 'ब्लॉक्ड', आणि त्याच खिडकीतल्या कन्सोल टॅबमध्ये 'एरर ब्लॉक्ड बाय क्लायंट'. क्लायंट म्हणजे इथे आपणच, अडवणूक आपल्याच ब्राउजरमध्ये चाललीये, सर्व्हरचा काही संबंध नाही. पत्ता नीट वाचला तर फोटो ज्या फोल्डरमध्ये ठेवलेले त्याचं नावच 'बॅनर-अ‍ॅड्स'. फोल्डरचं नाव बदललं, विषय संपला. अ‍ॅड ब्लॉकर नुसता बंद करून तो सुटला असता, पण मग ज्यांच्याकडे ब्लॉकर आहे अशा प्रत्येक पाहुण्याला ती साईट बोडकीच दिसली असती.

म्हणून माझी सवय, काहीही करायच्या आधी तेच पेज इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउजरच्या खासगी खिडकीत उघडायचं. क्रोममध्ये तिथे एक्स्टेन्शन आपोआप बंद असतात, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर. तिथे फोटो दिसला की संशय एक्स्टेन्शनवर, मग एकेक बंद करून बघायचं. सगळी एकदम उडवू नका, नाहीतर नेमका चोर कोण ते कधीच कळत नाही आणि आठवड्याने तेच एक्स्टेन्शन परत टाकून तुम्ही परत तिथेच.

एररचा आकडा न वाचणं

फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा, नाहीतर वर सांगितलेल्या नेटवर्क टॅबमध्ये एररचा आकडा बघा. 404 म्हणजे त्या पत्त्यावर फाइलच नाही, तुम्ही कॉम्प्युटर फॉरमॅट केला तरी येणार नाही, साईटवाल्याला कळवा आणि पुढे चला. 403 म्हणजे फाइल असेलही पण सर्व्हर तुम्हाला देत नाहीये, कधी लॉगिन लागतं, कधी दुसऱ्याच्या साईटवरचा फोटो परस्पर वापरलेला असतो आणि मूळ मालकाने ते बंद केलेलं असतं.

साईट स्वतः बनवणाऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. "माझ्याकडे तर दिसतंय!" दिसणारच, पत्ता तुमच्याच सी ड्राइव्हचा दिलाय आणि पेजही तिथूनच उघडताय, जगाला कसं दिसेल? दुसरं, विंडोजवर कॅपिटल-स्मॉल अक्षरांनी फरक पडत नाही पण लिनक्स सर्व्हरवर पडतो, नावाच्या शेवटी कॅपिटल 'JPG' आणि स्मॉल 'jpg' या तिथे दोन वेगळ्या फाइली. घाईघाईत अपलोड करणारे नव्वद टक्के इथेच आपटतात, हा आकडा माझ्या मनातला आहे पण विश्वास ठेवा.

बाकीच्या किरकोळ चुका पटकन सांगतो. व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) किंवा फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस (साईटचे पत्ते शोधून देणारी सेवा) चालू ठेवून ब्राउजरला शिव्या देऊ नका, आधी ते बंद करून बघा. सर्टिफिकेटची (साईट खरी असल्याच्या दाखल्याची) वॉर्निंग आली असताना 'तरीही पुढे जा' करून आत शिरलात तर पेज उघडतं, पण फोटो दुसऱ्या डोमेनवरून येत असतील आणि तिथेही सर्टिफिकेटची तीच बोंब असेल तर ते गुपचूप फेल होतात, तिथे कुणी विचारत नाही, तेव्हा आधी कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. जुनाट ब्राउजर वापरत असाल तर वेबपी (WebP) आणि एव्हिफ (AVIF) हे फोटोंचे नवे फॉरमॅट त्याला कळतच नाहीत, सफारीत वेबपी 2020 साली आलं आणि एव्हिफ 2022 साली, इंटरनेट एक्सप्लोररला तर वेबपी शेवटपर्यंत जमलं नाही. नेट फास्ट करायचा व्हिडिओ बघून फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिग (about:config) या आतल्या सेटिंगच्या पानात हात घातला असेल तर 'पर्मिशन्स.डिफॉल्ट.इमेज' (permissions.default.image) शोधा, तिथे 2 असेल तर सगळे फोटो बंद, 1 करा. आणि स्क्रोल करताना फोटो उशिरा येत असतील तर तो बिघाड नाही, लेझी लोडिंग आहे, म्हणजे तुम्ही तिथे पोचलात की मगच फोटो मागवला जातो, दोन सेकंद थांबा की राव.

एवढं करूनही नाही जमलं आणि कुणाला विचारायचं असेल तर नुसतं "फोटो दिसत नाही" असं लिहून पाठवू नका. पेजची लिंक, ब्राउजरचं नाव, दुसऱ्या ब्राउजरमध्ये दिसतं का, आणि नेटवर्क टॅबमधल्या त्या लाल ओळीचा स्क्रीनशॉट, एवढं पाठवा. मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढलेला चालणार नाही, त्यात आकडाच वाचता येत नाही.