पंकच्या गळ्याने कंट्री गाताना

पंक म्हणजे वेगवान, दणकेबाज रॉक. ते गाणारा कंट्रीकडे, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या साध्या गाण्यांकडे, वळला की मवाळ झाला असं लोक म्हणतात. ते खरं नाही. सोशल डिस्टॉर्शन या अमेरिकन पंक बँडने १९९० मध्येच कंट्री गायक जॉनी कॅशचं गाणं पंकच्या दणक्यात वाजवलं आणि १९९९ मध्ये त्यांचाच गायक माइक नेस जुनी कंट्री गाणी घेऊन एकटा उभा राहिला. तीन कॉर्ड आणि रोखठोक शब्द दोन्हीकडे तेच. बदलावा लागतो तो गिटारवरचा उजवा हात.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांवर लावा. पहिल्या ठोक्याला खर्जाची एकच तार, दुसऱ्याला पातळ तीन तारांवर हलका स्ट्रोक, तिसऱ्याला खर्जाची दुसरी तार, चौथ्याला पुन्हा स्ट्रोक. जी कॉर्डला सहावी आणि चौथी तार, सीला पाचवी आणि चौथी, डीला चौथी आणि पाचवी. पंकची सवय असलेला हात सहाही तारा एकदम ओढतो. मग खर्ज बुडतो आणि लय पळते. शिवाय पंकमध्ये वाजतात त्या पॉवर कॉर्डमध्ये सा आणि प एवढंच असतं. इथे गंधार हवाच, कारण गाणं हसरं की उदास ते तोच ठरवतो. म्हणून पूर्ण कॉर्ड धरा.

गळ्यासाठी पट्टी एक-दोन सुरांनी खाली घ्या आणि माइक ओठांपासून चार बोटं लांब ठेवा. शब्द ऐकू आले की धार आपोआप येते.

अकूस्टिक गिटारला .०१२ ते .०५३ इंच जाडीच्या तारांचा फॉस्फर ब्राँझ संच पुरतो. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र लाकूड ओल धरतं, गिटारची वरची फळी फुगते आणि तारा उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या तारेवर) सहावी तार साधारण अडीच मिलिमीटर उंच असावी. ती जुलैत साडेतीनवर गेली म्हणून ब्रिजवरची पट्टी घासायला घेऊ नका. थंडीत लाकूड सुकलं की त्याच तारा फ्रेटला लागून खरखरतील. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहू द्या. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, त्यामुळे वाजवून झाल्यावर सुती फडकं तारांच्या खालूनही फिरवा.

मुळांचं संगीत शोधायला कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल गाठायची गरज नाही, गावची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, आहे. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा म्हणजे तुमचे चार-चार ठोक्यांचे बरोबर दोन बार. बुवा काळी एक म्हणाले, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरला, तर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून सीचे आकार धरा. काळी चार असेल तर कॅपो तिथेच, आकार जीचे. पांढरी चारला कॅपो तिसऱ्यावर, आकार डीचे. ट्यूनरवर मात्र विसंबू नका. जुनी पेटी बऱ्याचदा किंचित चढलेली किंवा उतरलेली असते, आणि ती काही तिथल्या तिथे जुळवता येत नाही. बुवांना सा धरायला सांगा आणि गिटार त्याला लावा. टाळ सुरू झाले की तुमचे स्ट्रोक त्यांच्यात हरवतात. तेव्हा फक्त खर्ज वाजवा.